चाळीस फुटांवरची तलवार

"माझा बाण चाळीस फुटांवरून सुटला, आणि याची तलवार तिथून मला लागली? याचा हात हाय का पतंगाचा मांजा?"

प्रेरणाच्या या बोलण्यावर हर्सूलच्या वाचनालयातली सगळी पोरं हसली. अतुल हसला नाही. तलवार त्याची होती.

उन्हाळी शिबिरातला हा खेळ लढाईचा. आपला योद्धा कागदावर घडवायचा, त्याच्या वतीनं बोलायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकून लढायचं. वाद झाला की निवाडा नानासाहेबांचा. शिबिर तेच चालवत. त्यांनी नियमांच्या झेरॉक्समधून वाचून दाखवलं : वार झालेला योद्धा लगेच उलटवार करू शकतो. झालं. प्रेरणाची तिरंदाज मेली. नियम म्हणजे नियम, उगं वाद नको, असं सांगून त्यांनी तिला गुण लिहायला बसवलं. वैजापूरहून चार दिवसांसाठी मावशीकडे आलेली पोरगी तीन दिवस दुसऱ्यांच्या लढाया लिहीत बसली. चौथा दिवस तिचा शेवटचा.

अतुलनं पहिल्याच संध्याकाळी आपली प्रत पाहिली होती. अकराव्या पानावर, त्या नियमानंतर अगदी तळाशी एकच शब्द होता : मात्र. पुढचं पान तेरावं. मधलं पान कुठं गेलं, हे त्यानं विचारलं नाही. जिंकत होता ना!

चौथ्या दिवशी त्याच्या धाकट्या बहिणीनं, रूपानं, ते पकडलं. नऊ, अकरा, तेरा, पंधरा. नानासाहेबांनी प्रत्येक पानाची एकच बाजू झेरॉक्स करून आणली होती आणि नंतर उलटूनही पाहिलं नव्हतं. मूळ पुस्तक त्यांच्या कपाटात, कुलपात. पोरांचे हात घाण असतात म्हणून ते देईनात. मग रूपानं साळसूद चेहऱ्यानं विचारलं, तेराव्या पानावरचा राक्षस खरा कोणत्या रंगाचा? रंग दाखवायला नानासाहेबांनी स्वतःच पुस्तक उघडलं. राक्षसाच्या शेजारी बारावं पान होतं. रूपानं ते मोठ्यानं वाचलं.

"शत्रू हाताच्या टप्प्यात असेल तरच. लांबून आलेल्या बाणाला उलटवार नाही."

नानासाहेब खाकरले. चूक झाली म्हणायचं सोडून त्यांनी अतुलच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, बहिणीला यानंच शिकवलं असणार. स्वतःच्या विरुद्ध जाणारा नियम शोधणारा पोरगा लाखात एक! टाळ्या सुरू झाल्या. मोठ्या माणसांना आपली चूक झाकायला दुसऱ्याचं कौतुक लई कामाला येतं.

अतुल गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं.

"मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं," अतुल म्हणाला. "पान नाय म्हणून. मी बोललो नाय."

टाळ्या थांबल्या.

"तीन दिवस?" प्रेरणानं विचारलं.

"व्हय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, रूपाशेजारी जाऊन बसली आणि आपण दोघी खेळू म्हणाली. नानासाहेब म्हणाले, खरं बोलायला छाती लागते, शाबास. दोनदा म्हणाले. या वेळी कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या दिवसात अतुलला तेवढंच बरोबर वाटलं.