परवा म्हणजे कधी

खोलीत आपण एकट्याच आहोत असं समजून मी एका एजंटला झापत होते, तेव्हा तो पहिल्यांदा भेटला.

"गाढवा, इतकं सोपं करून लिहिलंय, तरी डोक्यात शिरत नाही तुझ्या?"

"नाहीच शिरणार," मागून आवाज आला. "तुम्ही लिहिलंय, 'शक्यतो तारीख द्यावी'. त्या बिचाऱ्याने काय समजायचं? द्यायची की नाही?"

वळून पाहिलं तर कोपऱ्यातल्या खुर्चीत बाह्या दुमडून कुणीतरी आरामात कॉफी पीत बसलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हा आमचा नवा तपासनीस. एखाद्या दुकानाच्या वेबसाइटवर कोण आलं, कुठून आलं, कुठल्या पानावर कंटाळून निघून गेलं, हे मोजणारं साधन आम्ही बनवतो. त्याची माहितीपुस्तिका मी लिहायचे. पण आता ती माणसं वाचतच नव्हती. दुकानदार साध्या बोलीत प्रश्न विचारायचे आणि एजंट नावाचा संगणकातला मदतनीस माझी पुस्तिका वाचून आकडे काढून द्यायचा. तो कुठे घसरतो हे बघायला मुख्य कार्यालयाने याला पाठवलं होतं.

"शक्यतो म्हणजे द्याच," मी म्हटलं. "सभ्य माणसं असंच लिहितात."

"मग 'द्याच' लिहा ना. आडून बोललेलं त्याला कळत नाही."

"माणसांना कळतं."

"सगळ्यांना नाही हो..." तो म्हणाला आणि बघतच राहिला. शेवटी मीच नजर वळवली.

मग रोज शेजारी बसून आम्ही एकेक वाक्य घासत राहिलो. मी लिहायचे, तो खोड काढायचा, मी फुरंगटायचे. त्याची बाही माझ्या हाताला लागली की मला साधं क्रियापद आठवायचं नाही. मी त्याच्या प्रेमात पडले होते, अगदी आकंठ, आणि तोंडाला मात्र कुलूप. ताई म्हणायची, "तू होकारसुद्धा तळटीपेत देशील."

गेल्या आठवड्यात तो म्हणाला, "मला परदेशातलं काम देतायत. जाऊ का?"

जाऊ नका, असं अगदी ओठांवर आलं होतं. "संधी चांगली आहे," मी म्हटलं. तो नुसतं "हं" म्हणाला.

आज सकाळी जिन्यात तो घाईघाईने सांगू लागला, "परवा त्यांना उत्तर —" तेवढ्यात साहेबांनी हाक मारली आणि तो पळाला. मी मनात म्हटलं, चला, अजून दोन दिवस आहेत. उद्या नक्की बोलायचं.

दुपारी दिव्यांचं दुकान चालवणाऱ्या मावशी आल्या. आठवडाभर वापरून पाहिलेलं आमचं साधन विकत घ्यायचं की नाही, हे त्या आजच ठरवणार होत्या. त्यांनी एजंटला विचारलं, "परवा आमच्या साइटवर किती लोक आले?"

एजंटने उत्तर दिलं, "एकही नाही."

"असं कसं होईल? परवाच तर जाहिरात दिली होती." मावशींचा चेहरा उतरला. साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बस्स.

मी पुस्तिका उघडली. "परवा: आजपासून दोन दिवसांनी." हे मीच लिहिलं होतं. एजंट बापडा अजून न उगवलेल्या दिवसाची माणसं मोजून आला होता. मी लगेच लिहिलं, "परवा मागचाही असतो आणि पुढचाही. क्रियापद बघा. कळलं नाही तर विचारा."

यावेळी आकडा बरोबर आला. मावशी खुलल्या, साहेब खुर्चीत सैलावले. मी मात्र खुर्ची मागे सारून उठले. सकाळच्या त्याच्या वाक्याला क्रियापदच नव्हतं.

लिफ्टपाशी मी त्याला गाठलं.

"परवा उत्तर... द्यायचंय की दिलं?"

"दिलं."

"काय दिलं?"

"संधी चांगली आहे म्हणालात ना तुम्ही." तो जमिनीकडे बघत होता. "हो म्हणून कळवलं."

अभिनंदन म्हणून मोकळं होता आलं असतं. तेच सोपं होतं.

"मला ते म्हणायचं नव्हतं," मी म्हटलं. "जाऊ नका म्हणायचं होतं. तुम्ही मला आवडता. कामात... म्हणजे कामातही, पण नुसतेच आवडता. फार आवडता."

लिफ्ट आली, उघडली, रिकामीच खाली गेली.

"हे तेव्हा बोलला असतात," तो हळूच म्हणाला, "तर हो म्हटलंच नसतं मी."

"आणि आता?"

"आता सही झालीय. दोन वर्षांची."

"मग मी येते तिकडे. माझं लिहायचं काम कुठूनही होतं."

तो गोंधळला. मी कधी इतकं सरळ बोलेन, असं त्याला वाटलंच नसावं.

"खरंच येशील तू?"

तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी त्याची दुमडलेली बाही बोटांत धरली.

"तू हो पुढे," मी म्हटलं. "मी आलेच."