पाच वाजताचा बाण

माउसवर कुणाचाही हात नव्हता. तरीही पडद्यावरचा बाण हलला.

विश्वजीतने ओठांशी नेलेला चहाचा कप तसाच धरून ठेवला. खुटबावच्या त्या घराभोवती उसाचे रान निश्चल उभे होते. जानेवारीचे फिकट ऊन उंबऱ्यापाशी येऊन थबकले होते. अंधारात भिंत चाचपडावी तसा बाण सावकाश पुढे सरकला. एक कोरे पान उघडले आणि त्यावर एकेक अक्षर उमटू लागले...

'गोळी घेतली का?'

साहेबराव आप्पांनी, म्हणजे त्याच्या चुलत आजोबांनी, रक्तदाबाची गोळी गिळली आणि पाकिटाची रिकामी खोबण पडद्याला दाखवली.

"घेतली गं."

पान मिटले. मागे उघडा राहिलेला पत्त्यांचा डाव पुढे आला आणि लाल सत्तीवर काळी छक्की अलगद जाऊन बसली.

"तुझी म्हाळसा आजी खेळायची ह्यो डाव," आप्पा म्हणाले. "दिवाळीत गेली. तवापास्नं रोज पाचला हे आसंच."

विश्वजीतने कप खाली ठेवला. दौंडला तो संगणक दुरुस्त करी. यंत्रांशी त्याचे जमे, माणसांसमोर मात्र शब्द घशातच विरत. आप्पांचा मुलगा विक्रम पुण्याहून त्याला फोनवर म्हणाला होता, "रविवारी मी यायच्या आत त्यातलं सगळं पुसून टाक. म्हातारा भुताशी बोलतोय म्हनत्यात गावात. थांबलं न्हाई, तर आप्पांना हिकडं आणतो आन् घराला कुलूप लावतो."

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. लांबून दुसऱ्याचा संगणक चालवण्याची सोय कुणीतरी त्यात बसवली होती. म्हणजे बाणापलीकडे कुणीतरी होते — जिवंत. पाचला पान उघडताच, आप्पा आत गोळी शोधत असताना, त्याने लिहिले, 'कोण?'

बाण गोठला.

'आधी तुम्ही सांगा. आप्पा एवढं भराभर लिहीत न्हाईत.'

'विश्वजीत. दौंडचा. भूत उतरवायला आलोय.'

'मंत्र येतो का?'

'नाही...'

'मग कशाला आलाय? भूत शिरूरचं हाय. सहजी जायचं न्हाई.'

ती प्रतिभा होती. म्हाळसा आजीच्या बहिणीची नात. आप्पांना घरबसल्या सातबारा काढून देता यावा म्हणून ही सोय तिनेच केली होती. शिरूरच्या दवाखान्यात आजीने शेवटी तिचा हात धरून सांगितले होते, "त्यांच्या गोळीचं बघ, पोरी." फोन केला की आप्पा रडत, म्हणून ती लिहू लागली. खाली स्वतःचे नाव घालायचे मात्र तिला कधी सुचलेच नाही.

आता खरे सांगावे, तर आप्पांची म्हाळसा दुसऱ्यांदा जाणार होती. न सांगावे, तर घराला कुलूप लागणार होते. विश्वजीत रोज 'उद्या पुसतो' म्हणे, आणि रोज पाचच्या आत दौंडहून खुटबाव गाठी. लिहिताना तो धीट होई.

'आज दोन मिनिटं उशीर झाला...'

'वाट बघत व्हता?'

'हो.'

बाण मग त्या 'हो'भोवती हळूच एक फेरी घाली. न पाहिलेल्या डोळ्यांचा तो कटाक्षच त्याला वाटे.

शनिवारी त्याने लिहिले, 'उद्या पुसावं लागेल. तुम्हीच येऊन सांगा आप्पांना.'

बाण त्या ओळीखालून हळूच एकदा फिरला.

'येते. तुम्ही भिऊन पळू नका म्हंजी झालं.'

रविवारी न्हावऱ्यावरून, चौफुल्याला एसटी बदलून ती आली. ओढणीवर रस्त्याची धूळ होती आणि डोळ्यांत मिश्कील धाक. विश्वजीत दार अडवून उभा राहिला.

"भूत आलंय," ती म्हणाली. "काही बोलता, का लिहून सांगता?"

तो लाजून बाजूला सरला. तिने आप्पांचे पाय धरले आणि रडत रडत सारे सांगितले. आप्पा हसले.

"आगं, म्हाळसाला अक्षर कुठं येत व्हतं? जित्यापनी शिकली न्हाई, मेल्यावर कुठली शिकती? आपलंच कुनीतरी इचारतंय, एवढं कळत व्हतं मला. यिऊ दे विक्रमला. दाखवतो, भूत हितं बसून चहा पितंय. इश्वजीत, काढ आता ती सोय."

त्याने सोय काढून टाकली. इंटरनेटची तारही उपसली. मग पडद्याकडेच पाहत तो म्हणाला, "आता रोज पाचला... मी काय करू?"

"का? तुम्हाला बी गोळी हाय?"

"नाही. सवय आहे..." त्याने प्रथमच तिच्याकडे मान वर करून पाहिले. "तुमची."

तिची नजर खाली गेली. "मग नंबर लिहून घ्या भुताचा."

तो मोकळेपणाने हसला. "पण पत्ते फार छान खेळायचात हं तुम्ही."

"कसले पत्ते?" प्रतिभा म्हणाली. "मी कवाच खेळले न्हाई."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. उपसलेली तार फरशीवर पडली होती. प्रतिभाने नकळत त्याचा हात घट्ट धरला...

बाण हलला. काळी दश्शी सावकाश उचलली गेली आणि लाल गुलामावर जाऊन विसावली.

आप्पांनी पाकिटाची रिकामी खोबण पडद्यासमोर धरली. "घेतली गं."

मग मागे वळून ते हलक्या आवाजात म्हणाले, "तिचं चालू द्या. तुमी दोघं चहा घ्या."