चार नंबरचा पट्टा

बॅगांना कुलपं लागली का? मग बसा आता सगळे. उद्या रात्री हिला परदेशी जायचंय, आज झोप कुणाला लागायची नाही. मघापासून तुम्ही तिला सांगताय, इथं बूट काढ, तिथं लॅपटॉप बाहेर ठेव, दोन तासांचा थांबा पुष्कळ झाला. तुमच्यातलं कुणी जाऊन आलेलं नाही, पण सल्ला मात्र सगळ्यांकडे तयार. म्हणून सांगतो. ही गोष्ट माझ्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसलेल्या माणसाची. ऐकीव नाही. त्यानं स्वतः सांगितली, आणि सांगताना त्याच्या हातातला चहा गार झाला तरी त्याला कप खाली ठेवायचं सुचलं नव्हतं.

आमच्या कंपनीचं काम हॉस्पिटलांतली स्कॅनची मशीनं दुरुस्त करायचं. हा त्यातला पट्टीचा माणूस. वर्षातले सहा-सात महिने बाहेरदेशी. त्याला सगळे टाइमटेबल म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं. कुठल्या विमानतळावर एका इमारतीतून दुसरीत जायला बस लागते, कुठं सिक्युरिटीच्या रांगेत तास मोडतो, कुठं कस्टमवाले औषधाची बाटलीसुद्धा उघडायला लावतात, सगळं तोंडपाठ. ऑफिसात कुणाचा जावई निघाला की तिकीट आधी याच्या टेबलावर यायचं. हा चष्मा कपाळावर चढवून बघायचा आणि म्हणायचा, "मधला थांबा पन्नास मिनिटांचा? धावायची सवय आहे का?"

आईबाप लहानपणीच गेलेले. वाढवलं काकूनं. स्वतःची एकच मुलगी होती तिला, छोटी. पण गरम पोळी पहिली याच्या ताटात. पुढं छोटी लग्न होऊन परदेशी गेली आणि तिला दिवस गेले. काकू बाळंतपणाला निघाली. वय सदुसष्ट, विमानात पहिल्यांदा. तिकीट अर्थातच यानं काढलं.

एकाच तिकिटावर जायचं तर मध्ये अकरा तास बसावं लागत होतं. यानं डोकं चालवलं. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं जोडली, मधला थांबा तीन तासांवर आणला. खूश झाला स्वतःवर. मग एका कागदावर ठळक अक्षरात काकूला सगळं लिहून दिलं. उतरल्यावर डावीकडे वळायचं, पिवळी पाटी बघायची, हा कागद दाखवायचा. शेवटची ओळ होती, बॅगेची काळजी करू नकोस, बॅग थेट पोचेल.

सतरा जानेवारीच्या रात्री साडेनऊला काकूचं विमान उडालं. हा घरी आला, जेवला. सव्वाबाराला सहज म्हणून तिकिटं पुन्हा उघडून बघत बसला. आणि त्याच्या लक्षात आलं. तिकिटं वेगळी, कंपन्या वेगळ्या. बॅग थेट पोचणारच नव्हती. काकूला मध्ये बाहेर पडून, बॅगांच्या फिरत्या पट्ट्यावरून बॅग उचलून, कस्टममधून काढून दुसऱ्या इमारतीत पुन्हा द्यायची होती. हा हजार जणांना हेच सांगायचा. घरच्या माणसाच्या वेळीच विसरला.

अजून वेळ होता. काकू वर आकाशात होती. विमान कंपनीला फोन केला असता तर दारात चाकाची खुर्ची घेऊन कुणीतरी उभं राहिलं असतं. यानं फोन लावला. पलीकडे संगीत वाजत राहिलं. चार मिनिटं यानं ऐकलं. मग वाटलं, आता चूक सांगावी लागणार, उद्या छोटीच्या नवऱ्याच्या कानावर जाणार, ऑफिसात हसतील. आणि तिथले लोक सांगतीलच की काकूला, माणसंच आहेत ती. यानं फोन ठेवला… आणि झोपला.

काकू अठराच्या पहाटे दोनला उतरली. पुढच्या विमानाच्या काउंटरवरच्यांनी विचारलं, बॅग कुठाय? तिनं कागद दाखवला. त्यांनी मान हलवली आणि बाहेरचा रस्ता दाखवला. पासपोर्टच्या रांगेत दीड तास गेला. ती चार नंबरच्या पट्ट्यापाशी पोचली तोवर पट्टा थांबला होता आणि उरलेल्या बॅगा कस्टमवाल्यांनी आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या होत्या. हे तिला कोण सांगणार, आणि कुठल्या भाषेत? तिला वाटलं, यायची असेल अजून. ती समोरच्या बाकावर बसली. पाच वाजता विमान गेलं. सकाळी सहाला झाडणाऱ्या बाईनं तिला हलवलं, तेव्हा ती थंड झाली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय.

टाइमटेबल तिला आणायला गेला. सामानात तो कागद होता, चार घड्या घातलेला. कुणी वाचायच्या आत यानं तो फाडून टाकला. आणि सगळ्यांना सांगितलं, विमानवाल्यांनी घोळ घातला. छोटी ओली बाळंतीण, याला फोनवर म्हणाली, "दादा, तू किती नीट लिहून दिलं होतंस रे तिला." हा "हं" म्हणाला. पुढं तिनं विमान कंपनीला तक्रारीची पत्रं पाठवली. पत्रांचा मजकूर यानंच लिहून दिला. एक नाही, तीन पत्रं.

त्यानंतर तो खंगत गेला. कुणी तिकीट दाखवायला आलं की म्हणायचा, मला आता नियम ठाऊक नाहीत. कामासाठी प्रवास सुटत नव्हता, पण त्या विमानतळावरून जाणं टाळायचा. दुप्पट वेळ गेला तरी चालेल, वळसा घालायचा. असे चौदा महिने काढले.

मग आली मार्चची सहा तारीख, गुरुवार. एका हॉस्पिटलात मशीन बंद पडलेलं, तातडीचं बोलावणं. याचं ठरलेलं विमान रद्द झालं आणि काउंटरवरच्या मुलीनं परस्पर दुसरं तिकीट हातात ठेवलं. वाचलं तर मधला थांबा तोच. पण एकच तिकीट होतं, बॅगेला शेवटच्या गावाची चिठ्ठी लागलेली, कुठं बाहेर पडायचं कारण नाही. साडेसहा तास खुर्चीत बसून काढायचे, बस्स. त्यानं मनाला समजावलं.

रात्री अकरा पन्नासला तो तिथं उतरला.

आतल्या आत विमान बदलायचं तरी सिक्युरिटी पुन्हा होतेच. यानं कमरेचा पट्टा काढला, लॅपटॉप ट्रेमध्ये ठेवला, चौकटीतून पलीकडे गेला. मागे कुणी नव्हतं, रांग संपलेली. एक्स-रेच्या पडद्यासमोर बसलेला माणूस म्हणाला, "तुमच्याबरोबरच्या बाईंना सांगा, पाण्याची बाटली आत नेता येणार नाही."

यानं वळून पाहिलं. रिकामा ट्रे तेवढा सरकत येत होता.

तो माणूसही उठून उभा राहिला, रांगेकडे पाहिलं, डोळे चोळले. "माफ करा, लांबची पाळी आहे आज," म्हणाला.

हा पुढं जाऊन बसला.  साडेबारा झाले असतील. तेवढ्यात भोंग्यावर याचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, आडनावासकट. चार नंबरच्या पट्ट्यावर यावं.

तो ट्रान्सफरच्या काउंटरवर गेला. म्हणाला, माझी बॅग पुढं जाणार आहे, पट्ट्याशी माझा काय संबंध? तिथला मुलगा म्हणाला, "आम्ही पुकारलेलं नाही." मग त्यानं चिठ्ठीचा नंबर टाकून पाहिलं. "पण तुमची बॅग बाहेर आलेली दिसतेय. तुम्हालाच जाऊन घ्यावी लागेल."

"नाही घेतली तर?"

"मग ती तिथंच राहील ना, साहेब."

हा निघाला. लांबच लांब बोळ. सरकते जिने बंद. पासपोर्टच्या दहा खिडक्यांपैकी एकीत दिवा होता. आतल्या माणसानं मान वर केली नाही. पासपोर्ट घेतला, शिक्का मारला, परत दिला.

पट्ट्यांचा हॉल रिकामा होता. एक, दोन, तीन नंबर बंद.

चार नंबरचा फिरत होता. त्यावर एकही बॅग नव्हती.

समोर बाक. बाकावर कुणीतरी बसलेलं. राखाडी स्वेटर. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

याला ते हात ओळखू आले. तोंडाकडे बघायचा धीर झाला नाही.

"आली नाही रे अजून," ती म्हणाली.

हा उभाच.

"थेट पोचेल म्हणाला होतास…"

पट्टा फिरत होता. रबराचा आवाज तेवढा. खरखर… खरखर…

"काकू," हा म्हणाला.  "चूक माझी होती. मी चुकीचं लिहिलं."

तिचे हात पर्सवर तसेच होते.

"आणि… मला कळलं होतं. त्याच रात्री."

"किती वाजता?"

"सव्वाबाराला."

ती आठवत असावी. "म्हणजे मी वरच होते," ती म्हणाली. "जेवणाचं ताट नुकतंच नेलं होतं."

"हो."

"मग काय केलंस?"

…

"मग?"

"झोपलो."

खरखर… खरखर…

"लागली झोप?"

"लागली."

 मग ती बाकावर जराशी सरकली. एका माणसापुरती जागा केली.

हा बसला.

याच्या उजव्या अंगाला गारवा लागत होता, फ्रीजचं दार उघडं राहिल्यासारखा. पट्ट्याच्या कडेला चकचकीत पत्रा होता, त्यात बाक दिसायचा. त्या पत्र्यात हा एकटाच बसलेला होता. म्हणून त्यानं पत्र्याकडे बघणं सोडलं. खाली फरशीकडे बघत राहिला.

दोन वाजले. तीन वाजले.  पळून जावं असं वाटलं नाही का, असं मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, वाटलं. दर मिनिटाला वाटलं. पण मागच्या वेळी ती इथं एकटी बसली होती.

पावणेसहाला भोंग्यावर पुन्हा याचं नाव आलं. पुढच्या विमानाची शेवटची हाक.

"ऊठ," ती म्हणाली. "चुकेल तुझं."

"चुकू दे."

आणि चुकलं. ज्याचं आयुष्यात कधी विमान चुकलं नव्हतं, त्याचं त्या दिवशी चुकलं.

सहाला झाडणाऱ्या बाईनं त्याच्या खांद्याला हात लावला. तो जागाच होता. पट्टा बंद. शेजारची जागा रिकामी. बॅग त्या पट्ट्यावर आलीच नव्हती. ती चिठ्ठीप्रमाणे थेट पुढच्या गावी पोचली, तशी नोंदही होती.

तो तिथून उठला नाही. बाकावर बसूनच त्यानं छोटीला फोन लावला. म्हणाला, "छोटे, विमानवाल्यांची चूक नव्हती. माझी होती." मग सगळं सांगितलं. सव्वाबारा, ते संगीत, फाडलेला कागद, तिच्या नावानं लिहिलेली तीन पत्रं. काही गाळलं नाही. फक्त आदल्या रात्रीचं सांगितलं नाही.

पलीकडे बाळाचे बोबडे आवाज येत होते.  तिनं हळूच विचारलं, "तिला तहान लागली असेल का रे?"

"काही म्हणाली नाही," याच्या तोंडून गेलं.

"म्हणाली नाही म्हणजे?"

 तिनं फोन ठेवला.

सात महिने तिनं याचा फोन घेतला नाही. आता घेते. बाळाचे फोटो पाठवते. पण पूर्वी दादा म्हणायची, ते नाही म्हणत. काहीच म्हणत नाही. तो म्हणतो, बरोबरच आहे.

हे त्यानं मला कधी सांगितलं, तर परत आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी. आमच्याकडे प्रवास झाला की पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स फायलीला लावायच्या असतात. त्याची फाईल मीच करायचो. दुपारची वेळ, मशीनवर पान पालथं घालायला गेलो आणि थांबलो. त्याला हाक मारली, म्हटलं, हे काय आहे? त्यानं पान पाहिलं. खुर्ची ओढून बसला. तेव्हा चहा मागवला आणि तेव्हा त्यानं हे सगळं सांगितलं.

त्या पानावर त्या विमानतळाचे दोन शिक्के होते. एक आत आल्याचा, एक बाहेर पडल्याचा. बाहेर पडल्याचा सात मार्चचा, बरोबर होता. आत आल्याचा निळ्या शाईत, ठसठशीत, कुठं फिसकटलेला नाही. मी भिंग लावून पाहिला. तारीख होती अठरा जानेवारी, आदल्या वर्षाची.

मी म्हटलं, काकूला आणायला गेलास तेव्हाचा असेल हा.

 पासपोर्टचं पहिलं पान उघडून त्यानं माझ्यापुढं सरकवलं. तो पासपोर्ट नवा होता. काकू गेल्यावर पाच महिन्यांनी, जूनमध्ये काढलेला.