उन्नतीच्या बोलीतले मेसेज

"अहो, तिथं उभे राहू नका! घटकाभरात पानी गुडघ्याला लागेल."

उलव्याजवळच्या खाडीच्या धक्क्यावरून उन्नती घरतनं हाक मारली, तेव्हा तो तरुण खाली चिखलात वाकून होड्यांचे फोटो काढत होता. घाईघाईनं वर आला... आणि हसला.

"इतकं नक्की कसं सांगता?"

"भरतीच्या वेळा मीच रोज लिहिते. मेसेजमध्ये."

"म्हणजे— 'दोन वाजता पानी भरल, होरी आदी बांधून ठेवा'... ते तुम्ही?"

आता दचकायची पाळी तिची होती. बेलापूरच्या एका कंपनीत ती दोन वर्षं हेच काम करत होती. खाडीकाठच्या माणसानं एक मेसेज पाठवून सेवा मागायची. मग बॅलन्समधून रोज रुपया कापला जायचा आणि भरतीची, वाऱ्याची खबर त्याच्या साध्या फोनवर यायची. तीही त्याच्याच आगरी बोलीत!

"तुमची होडी आहे?"

"खारघरला चौथ्या मजल्यावर राहतो. होडी कुठली?"

"मग भरतीचं काय करता?"

"वाचतो," तो म्हणाला. "दिवस बरा जातो."

तो स्वानंद. तिच्याच कंपनीच्या वाशीच्या ऑफिसात आकडेवारी बघायचा. तपासणीसाठी सुरू केलेली सेवा त्यानं बंदच केली नव्हती. आता त्याला बेलापुरात सारखी कामं निघू लागली... आणि तीही डब्यात एक भाकरी जास्त आणू लागली.

एके दिवशी मीटिंगमध्ये कंपनीचे श्यामसुंदर साहेब म्हणाले, "न विचारताच ही सेवा सगळ्यांना सुरू करून टाकू. नको असेल तो बंद करेल."

उन्नती उठून उभी राहिली.

"माझ्या बाबांना बंद करता येत नाही, साहेब. गावात बऱ्याच जणांना येत नाही. त्यांचा रुपया असा घेणार असाल, तर उद्यापासून दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."

तिची नजर खाली गेली नाही. तेवढ्यात स्वानंदही उठला. त्याची नोकरी अजून कच्ची होती.

"सर, ज्यांनी मागून घेतली, त्यांतले शंभरातले नव्वद टिकलेत. हिच्या शब्दांवर त्यांचा भरवसा आहे. तो गेला, तर तेही जातील."

साहेबांनी समोरचे आकडे पुन्हा एकदा तपासले. "ठीक आहे. विचारूनच करू."

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "माझ्यासाठी नोकरी पणाला लावलीत?"

"आकडे खरेच होते... पण हो. उन्नती, मला तू— म्हणजे तुम्ही—"

"तूच म्हण," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

रविवारी तो तिच्या गावात आला. ओट्यावर चार माणसांत बसलेल्या तिच्या बाबांनी, गोटीरामनं, विचारलं, "ह्यो कोन?"

ऑफिसातला आहे, असं सांगून सुटता आलं असतं. उन्नतीनं सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.

"बाबा, ह्यो स्वानंद. माझ्या मनातला हाय."

गोटीरामनं दोघांना डोळे भरून पाहिलं आणि ओट्यावर सरकून जागा केली.

"बस, पोरा. माझी पोर उगाच कुनाचा हात धरत नाय."