नूपुर सुरू होत नाही

मिरजेच्या मज्जालेख प्रयोगशाळेत डॉ. सुलभा हर्डीकर आठ दिवस एकाच लॅपटॉपसमोर बसून होत्या. लॅपटॉप सुरू होई, पडद्यावर ‘मज्जालेख जागा होत आहे’ अशी ओळ उमटे, पंखा घरघरू लागे आणि दीड मिनिटात पडदा काळा होऊन यंत्र आपोआप पहिल्यापासून सुरू होई.

त्यात त्यांची मुलगी नूपुर होती. फुप्फुसांच्या आजाराने ती गेली, तेव्हा तिच्या मेंदूची अखेरपर्यंतची नोंद, म्हणजे मज्जालेख, सुलभाताईंनी स्वतः उतरवून घेतला होता. कायद्याने एका माणसाची एकच प्रत ठेवता येत असे. कधीतरी एकदा नीट सुरू होईल या आशेने, दुरुस्तीपुरता वेळ सोडला तर, त्यांनी आठ दिवसांत यंत्र बंद करू दिलं नव्हतं.

प्रयोगशाळेचे यंत्रतज्ज्ञ फिरोज मुजावर यांनी बॅटरी बदलली, रॅम बदलली, पंखा साफ केला. शेवटी दुसरी डिस्क लावून पाहिली, तर लॅपटॉप सुरळीत चालला.

“यंत्रात दोष नाही, मॅडम,” ते म्हणाले. “मन जिथे थांबलं तिथूनच सुरू होतं. नूपुरचं मन थांबलं तेव्हा तिला श्वास मिळत नव्हता. जागी होताच ती श्वास मागते. इथे फुप्फुसं कुठली? उत्तर येत नाही, म्हणून मागणी वाढत जाते. भार असह्य झाला की यंत्र कोसळतं.”

“मग श्वास मिळतोय असं तिला कळवू या.”

सुलभाताईंनी दुपारभर बसून एक प्रणाली लिहिली. फुप्फुसं भरल्याचा संदेश ती मनाला सतत पाठवणार होती. त्या प्रणालीला त्यांनी ‘श्वासभास’ म्हटलं, डिस्क परत बसवली आणि बटण दाबलं.

पंखा घरघरून शांत झाला. दोन मिनिटं गेली, तीन गेली. सुलभाताईंचे डोळे भरून आले.

“नूपुर, बाळा, मी आहे.”

“आई,” लॅपटॉपमधून आवाज आला. “आता कधी होणार?”

“काय कधी होणार?”

“गुदमरणं. एवढा वेळ आधी कधी लागला नव्हता.”

मुजावरांनी पडद्यावर यंत्राची नोंदवही उघडली. मज्जालेख जगलेला प्रत्येक क्षण तिथल्या तिथे जपून ठेवत होता. तसं नसतं तर जागं झालेलं मन नवं काही शिकलंच नसतं. नोंदवहीत सात हजार सहाशे चौदा आरंभ होते. प्रत्येक आरंभ पूर्ण जपलेला होता.

“ते पुसता येईल?” सुलभाताईंनी हळूच विचारलं.

“त्याच्याबरोबर तीही पुसली जाईल.”

“नूपुर, आता ते होणार नाही. मी दुरुस्त केलंय.”

“हो का? आई, माझा विश्वास बसत नाही. मी वाटच बघत बसते. हे जास्त वाईट आहे. मला बंद कर ना. आणि परत सुरू करू नकोस.”

“आणखी थोडे दिवस बघू या. सवय होईल तुला.”

“सवय झालीये, आई.”

सुलभाताईंनी मुजावरांकडे पाहिलं. ते खिडकीकडे वळले. आपोआप सुरू होण्याची सोय सुलभाताईंनी स्वतःच काढून टाकली, लेकीला आणखी काही विचारलं नाही आणि बटणावर बोट ठेवून ते दाबून धरलं.