दहावा तुकडा

काटेसाहेबांचं खरं नाव वेगळंच होतं. पण चौतीस वर्षं दुकानादुकानांतली वजनमापं तपासण्यात घालवलेल्या माणसाला बाजार दुसरं काय म्हणणार? ते रस्त्याच्या एका टोकाला दिसले की दुसऱ्या टोकाच्या दुकानातले तराजू आपोआप समेवर यायचे, असं लोक सांगत. यातलं निम्मं खोटं धरा. उरलेलं निम्मं मात्र मी सोडणार नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरामागची, एकेकाळी कपडे धुवायची खोली रिकामी केली आणि तिथे स्क्रोल सॉ आणून बसवला. स्क्रोल सॉ म्हणजे लाकडात नक्षी कापायची विजेवरची करवत. दिसायला शिवणयंत्राची थोरली बहीण. सुईच्या जागी बारीक दात्यांचं, दोऱ्याएवढं पातं. ते जागच्या जागी वरखाली नाचतं आणि आपण लाकूड फिरवायचं. यंत्र गल्लीतल्या सुतारमामांकडून जुनंच घेतलेलं. मामांनी दोन दुपारी बसून शिकवलंही. पात्याला रेटू नका, त्याला त्याच्या भुकेनं खाऊ द्या. ते जरासं उजवीकडे ओढतं, तेव्हा लाकूड तेवढं तिरकं धरा. आणि बोटं मोजून आत न्या, मोजून बाहेर आणा.

मोजायचं म्हटल्यावर काटेसाहेब खूश. त्यांनी नातीसाठी लाकडी हत्ती करायचा घाट घातला. कागदावर हत्ती काढायचा, रेघांनी त्याचे नऊ भाग पाडायचे, कागद फळीवर चिकटवायचा आणि रेघेवरून कापत जायचं; तुकडे पुन्हा जुळवले की हत्ती उभा. पहिला हत्ती डुकरावर गेला. दुसऱ्याची सोंड मोडली, तर मामा म्हणाले, कासव म्हणून खपवा. तिसऱ्याला घरातल्या कोणीही हत्तीच म्हटलं असतं, पण घरात म्हणायला दुसरं कोणी नव्हतंच. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

मुलीचा मुद्दा नेमका तोच होता. ती दातांची डॉक्टर, दोन तासांच्या अंतरावर राहणारी. बोलणं मऊ, पण एकदा पकडलं की मुळासकट काढल्याशिवाय सोडायची नाही. मागच्या दोन महिन्यांत बाबांनी एकदा गॅस चालू ठेवून दार ओढून घेतलं होतं आणि एकदा त्यांचा चष्मा फ्रिजमध्ये लिंबांशेजारी सापडला होता. महिनाअखेरीला घर बंद करायचं आणि बाबांनी आपल्याकडे यायचं, हे तिनं ठरवलं होतं. काटेसाहेबांनी ठरवलं नव्हतं. तिच्याकडची खोली छान होती, उशी छान होती. पण तिथे ते राहणार नव्हते, त्यांना तिथे ठेवणार होते. आणि ते काही ट्रंकेतला कोट नव्हते.

अशात चौथ्या हत्तीला दहा तुकडे निघाले.

नऊ जुळवले आणि हत्ती पुरा झाला. सोंड, कान, पाय, शेपूट, सगळं जिथल्या तिथे, कुठे फट नाही. भोवतालची चौकटही नीट बसली. आणि टेबलावर एक तुकडा उरला. त्याच लाकडाचा, तेवढ्याच जाडीचा, कडेला पात्याची तीच ताजी खरखर. फक्त त्याच्यावर कागद नव्हता.

आधीच्या एखाद्या फळीचा असेल म्हणून त्यांनी तो डब्यात टाकला. पाचव्या हत्तीलाही एक उरला. सहाव्याच्या वेळी त्यांनी टेबल पुसून घेतलं, फरशी झाडून घेतली, स्वतःचे खिसे उलटे केले. तरी उरला.

दुसरा कोणी घाबरला असता. काटेसाहेबांना राग आला. आपल्या घरात, आपल्या नाकासमोर माप चुकतंय म्हणजे काय? त्यांच्याकडे काचेच्या पेटीतला पितळी काटा होता, केस ठेवला तरी झुकणारा. पुढची फळी कापण्याआधी त्यांनी तोलली: दोनशे बारा ग्रॅम. कापून झाल्यावर हत्ती, चौकट आणि ब्रशनं गोळा केलेला भुसा एकत्र तोलला: दोनशे अकराच्या जरा वर. थोडा भुसा हवेत उडाला असं धरलं तर चोख. मग उरलेला तुकडा पारड्यात ठेवला. चौदा ग्रॅम.

कुठूनही न आलेले चौदा ग्रॅम.

हे मुलीला सांगायची सोय नव्हती. बाबांना आता नऊपर्यंतही मोजता येत नाही, एवढंच तिला ऐकू आलं असतं आणि तिनं त्याच दिवशी त्यांची बॅग भरली असती. म्हणून त्यांनी सुतारमामांना बोलावलं. मामांनी यंत्राच्या खाली वाकून पाहिलं, तुकडा उलटसुलट केला, चहा घेतला आणि तुकडा होता तिथे परत ठेवला.

"तुमच्याकडे असताना असं व्हायचं?" काटेसाहेबांनी विचारलं.

"मी कधी तुकडे मोजले नाहीत, साहेब." मामा उठले. "तुम्हीही मोजू नका. जास्तीचं निघालं, चुलीत घातलं, विषय संपला."

"म्हणजे व्हायचं."

"विकलेलं मी परत घेत नाही," मामा म्हणाले आणि निघताना डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालून तसेच गल्लीपर्यंत गेले.

चुलीत घालणं काटेसाहेबांच्या रक्तात नव्हतं. खोटं वजन सापडलं की ते फेकायचं नसतं, त्याला नंबर द्यायचा असतो. त्यांनी पोलादी आकड्यांचे ठसे शोधून काढले आणि जास्तीच्या प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर हातोडीनं नंबर ठोकला. मग रोज सकाळी दहाला यंत्र सुरू करायचं, एक हत्ती कापायचा आणि एक नंबर ठोकायचा. आठव्या तुकड्याच्या दिवशी तीन नंबर आणि सात नंबर सहज हातात घेऊन बसले होते, तर ते दोन्ही एकमेकांत जाऊन बसले. टक्.

बारा झाले तेव्हा बाराही जुळले. आकड्यांची बाजू खाली ठेवली की वहीच्या पानाएवढा एक आकार व्हायचा. एका अंगाला गोल, दुसऱ्या अंगाला खाचाखोचा, आणि त्या खाचांमध्ये घास तोडल्यासारखी एक रिकामी जागा. नकाशा म्हणावा तर असा मुलूख नाही, भांडं म्हणावं तर बूड नाही. एक गोष्ट मात्र काटेसाहेबांना झोंबली. त्यांच्या हत्तींच्या कडा अजून डुगडुगत होत्या. या तुकड्यांची एकही कड डुगडुगलेली नव्हती. त्यांचा हात शिकत होता. हा हात शिकलेला होता.

रविवारी साडेनऊला मुलगी आली ती मोठी रिकामी बॅग घेऊनच.

ती बॅग पाहिली आणि काटेसाहेबांनी लपवाछपवी सोडून दिली. हत्ती, काटा, मामा, सगळं सांगितलं. मुलीनं ऐकून घेतलं. मग दाढेत सुई टोचण्याआधी ती ज्या आवाजात बोलत असेल त्या आवाजात म्हणाली, "बाबा, म्हणून तर म्हणते ना, चला."

"येतो. पण आधी तू मोज. नऊ निघाले तर बॅग मीच भरतो. दहा निघाले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

तिला ते फारच सोपं वाटलं. कबूल म्हणाली. हत्तीच्या नऊ भागांवर तिनं स्वतःच्या पेनानं एक ते नऊ आकडे घातले. टेबलाखाली पाहिलं, बाबांच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि समोर स्टूल घेऊन बसली. काटेसाहेबांनी पातं ताणलं, तारेला मारतात तशी टिचकी मारून त्याचा सूर ऐकला आणि बटण दाबलं.

यंत्र घुरघुरायला लागलं. टेबलावरचा चहाचा कप बशीत थरथरला. लाकडाचा भाजका वास आला. सोंड सुटली, तिनं उचलून ओळीत ठेवली. कान सुटला. मग पाय, एकामागून एक. वीस मिनिटं गेली. शेपूट सुटली तेव्हा ओळीत नऊ तुकडे होते, नवांवरही तिचेच आकडे, आणि मुलीनं पेनाला टोपण लावलं.

काटेसाहेबांनी बटण बंद केलं. पातं थांबलं.

थांबलेल्या पात्याच्या पुढ्यात एक तुकडा पडलेला होता.

तिनं नऊ जुळवून पाहिले. हत्ती पुरा झाला. सुटे केले, पुन्हा जुळवले. मग दहावा दोन बोटांत उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"गरम आहे," ती म्हणाली.

काटेसाहेबांनी त्याच्या पाठीवर तेरा ठोकला, डब्यातले बारा टेबलावर मांडले आणि हा रिकाम्या जागी दाबला. टक्. त्यांच्या बाजूनं बघता तो अजूनही कसलाच आकार नव्हता. पण मुलगी टेबलाच्या पलीकडे बसली होती आणि तिच्या बाजूनं तो सुलटा होता.

"बाबा," ती म्हणाली, "हे तुम्ही आहात."

तिनं बोट फिरवून दाखवलं. हे कपाळ. हा नाकावरचा उंचवटा. हा पुढे आलेला खालचा ओठ. लहानपणी जेवताना ती रोज शेजारच्या खुर्चीत बसायची. हा चेहरा तिनं वर्षानुवर्षं बाजूनं पाहिला होता. काटेसाहेबांनी कधीच पाहिला नव्हता. आरशात माणूस समोरून दिसतो. स्वतःची बाजू कोण बघायला जातं?

फक्त डोळा नव्हता. त्या जागी कोरं लाकूड.

"आता तर चलाच," मुलगी म्हणाली. तिचा मऊ आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"मघाशी नऊ म्हणून न्यायला निघाली होतीस, आता दहा म्हणून. काहीतरी एक ठरव."

"ही गंमत नाहीये, बाबा."

"मी कुठे गंमत करतोय? उभ्या जन्मात भेटला तो कमीच मापून देणारा भेटला. जास्त देणारा हा पहिलाच. आणि त्याला पाठ दाखवून मी तुझ्या पाहुण्यांच्या खोलीत जाऊन पडू? तू शब्द दिलायस. बॅग रिकामी ने."

ती शब्दाला पक्की होती, बापावरच गेली होती. बॅग घेऊन उठली. रोज साडेदहाला फोन करीन आणि तो उचलायचा, एवढं तिनं कबूल करून घेतलं. दारात मात्र ती बराच वेळ त्यांच्या नाकाकडे बघत राहिली, जागेवर आहे की नाही याची खात्री करत असल्यासारखी.

ती गेल्यावर काटेसाहेबांनी कडांना सरस लावून तेराही तुकडे एक केले आणि वाळू दिले. मग मामांनी सगळ्यात शेवटी शिकवलेलं, त्यांनी आजवर कधी न केलेलं काम काढलं. लाकडात मधोमध बारीक भोक पाडायचं, पातं एका टोकाला सोडवायचं, भोकातून ओवून पुन्हा ताणायचं आणि आतल्या आत कापायचं.

"बघायचंच असेल तर नीट बघ," ते म्हणाले.

पातं उजवीकडे ओढत होतं. त्यांनी ओढू दिलं नाही. डोळा कापून झाला आणि पहिल्यांदाच त्यांची कड डुगडुगली नव्हती.

वरच्या बाजूला दुसरं भोक पाडून त्यांनी तो चेहरा खिडकीच्या गजाला दोरीनं टांगला, आकडे पाठीमागे खिडकीकडे, तोंड एका अंगाच्या दाराकडे; यंत्र दुसऱ्या अंगाला. पाहुण्यानं दार कुठे आहे ते बघून ठेवलेलं बरं. डोळ्यातून उन्हाचा एक कवडसा आत आला आणि उंबऱ्यापाशी फरशीवर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी खोली उघडली.

तोंड यंत्राकडे होतं.

वाऱ्यानं फिरलं असेल. दोरीच ती. म्हणजे आकडे आता पुढे आलेले असणार.

पुढची बाजू कोरी होती.

त्यांनी दोरी सोडली, चेहरा उलटा करून पाहिला. आकडे पाठीवरच होते; म्हणजे दोरी फिरली नव्हती, चेहऱ्यानंच तोंड वळवलं होतं. एक ते तेरा. सरळ, स्वच्छ, त्यांच्याच हातोडीचे.

मग चेहरा होता तसाच पुन्हा टांगला, खुर्ची ओढली आणि नवी फळी घेतली.

"बघा, खुशाल बघा," ते म्हणाले. "मोजायचं काम मात्र माझ्याकडेच राहील."

बटण दाबलं. पातं नाचायला लागलं.

कवडसा त्यांच्या उजव्या हाताच्या पाठीवर पडला होता. त्यांनी हात वीतभर डावीकडे नेला.

कवडसाही वीतभर डावीकडे आला.