चंद्रीचं चौथं सड

"किल्ला उद्या!" मेघानं फर्मान काढलं. "आज आधी चंद्री!"

पुंडलिकनगरची मेघा आणि तिचा धाकटा भाऊ अभय सुट्टीला दौलताबादला सर्जेरावमामांकडे आले होते, आणि मामा नेमकी त्यांची लाडकी गाय चंद्री संध्याकाळी व्यापाऱ्याला देणार होते!

"मागचं डावं सड मेलं हिचं," मामा म्हणाले. "वासरू होतं तवर ते त्याच्यासाठीच सोडत व्हतो. बिचारं गेलं. आता धार काढाया बसतो, तर थेंब नाय!"

शेजारची निलोफर गोठ्यालगतच्या दगडी गडग्यावर बसून ऐकत होती. मांडीवर तिचं आई गेलेलं करडू होतं. "आमच्या शेळीला दोनच सडं होती," ती म्हणाली. "हिचं एक गेलं तर बाकीच्या तिनांतून येईल की त्याचं दूध!"

"नाही येत!" मेघा म्हणाली. "कासेत चार वेगळ्या खोल्या असतात. एकीतलं दूध दुसरीत जात नाही."

"मग खाली गळत का नाही?" अभयनं विचारलं.

"सडाच्या टोकाला बारीक भोक असतं. पिशवीची नाडी ओढावी तसं ते आवळलेलं असतं."

"आमच्या मांजरीला आठ नाड्या!" निलोफर खिदळली.

मेघानं हळूच ते सड चाचपलं. दुखरं सड गरम, टणक लागतं. हे तर मऊ होतं! "हे आजारी नाही," ती पुटपुटली. "ही खोली कुणीतरी रिकामी करतंय!"

दुपारी मामा आडवे झाले. करडाला अंगणात सोडून निलोफर आली, आणि तिघं गोठ्यात कडब्याआड दडून बसले. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडले होते. चंद्री संथ रवंथ करत होती. पहारेकरी अभय तर केव्हाच घोरायला लागला! मेघाचेही डोळे जड झाले. त्या गुंगीत तिला चंद्रीचं हंबरणं ऐकू आलं, अगदी हळू, वासराला हाक मारायची तसं. गडग्याच्या फटीतून काहीतरी चिमुकलं आत शिरलं. वासरू परत आलं? तिनं डोळे चोळले.

करडू! शेपटी हलवत, कासेला ढुशा देत ते मागच्या डाव्या सडाला लुचत होतं.

"या अल्ला!" निलोफर कुजबुजली. "म्हणून हे बाटलीला तोंड लावत नव्हतं! तरी पोट टम्म!"

अभयला हलवून उठवलं. तो धावत जाऊन मामांना घेऊन आला. चंद्री करडाची पाठ चाटत होती. मामांनी टॉवेलनं डोळे पुसले.

"मी सड मेलं म्हनलो," ते म्हणाले. "जल्म गेला धारा काढन्यात, पन नीट हात लावून बघितलं नाय. लई हुशार गं पोरींनो! आन् अभ्या, तू बी!"

मामांनी लगेच व्यापाऱ्याला फोन लावला. "गाय द्यायची नाय."

संध्याकाळी मामांनी तीन सडांची धार काढली आणि बादली उचलून ते बाजूला सरले. गडग्यापाशी करडू ताटकळत उभं होतं.

"ये रं," मामा म्हणाले. "तुझं सड ठिवलंय."